अंधाराचे अधिकरण

अंधार ही स्वतंत्र वस्तू आहे की केवळ प्रकाशाचा अभाव, हा भारतीय दर्शनांतला जुना वाद आहे. कुमारिल भट्टांच्या परंपरेतील मीमांसकांनी अंधाराला द्रव्य मानले, कारण तो काळा दिसतो आणि सरकतो, म्हणजे त्याला गुणही आहे आणि क्रियाही. उलट न्यायदर्शनाच्या परंपरेतील नैयायिक अन्नंभट्टाने ‘तर्कसंग्रहा’वरील आपल्या ‘दीपिके’त द्रव्ये नऊच ठेवली आणि अंधार हा तेजाचा अभाव ठरवला.

घाटकोपर-मुलुंडकडच्या चाळीतल्या १० बाय १२ च्या खोलीत हा वाद पुस्तकी राहत नाही. शेजारची इमारत अगदी अंगावर आल्याने खालच्या मजल्यावर भर दुपारी ट्यूबलाइट लावावी लागते आणि दहावीच्या अभ्यासासाठी तीच रात्री बारापर्यंत जळते; दिवस मिणमिणता आणि रात्र लख्ख, असा उलटा क्रम शरीराच्या वाट्याला येतो. डोळ्याच्या पडद्यात दिवस-रात्रीची वर्दी मेंदूतल्या घड्याळाला देणाऱ्या वेगळ्या पेशी असतात, हे २००२ च्या सुमारास उघड झाले. ४८० नॅनोमीटरच्या आसपासच्या निळसर प्रकाशाने त्या विशेष चेतवल्या जातात आणि मेलाटोनिन, म्हणजे रात्र झाल्याचा सांगावा शरीरभर नेणारे संप्रेरक, दबते. त्यामुळे झोप लांबणीवर पडते, आणि दिवसाच्या अपुऱ्या उजेडाने मनही मलूल राहते.

अंधार पडल्यावर मेलाटोनिन पाझरते, म्हणून मीमांसकांची सरशी झाली असे वाटेल. पण दुपारी खोली काळोखी केल्याने ते पाझरत नाही, तेव्हा अंधार स्वतः काही निर्माण करत नाही. येथे नैयायिकांचा ‘प्रतिबंधकाभाव’, म्हणजे अडथळा नसणे हेही कार्याचे एक कारण, ही कल्पना अधिक चपखल बसते. विशिष्ट मणी जवळ असेतो अग्नी जाळत नाही, हे त्यांचे ठरीव उदाहरण. मण्याच्या जागी ट्यूब ठेवली की झाले.

मात्र नैयायिकांचा अभाव अधांतरी नसतो. त्याला अधिकरण, म्हणजे तो जेथे असतो ती जागा, लागते: घट नाही म्हटले तर कोणत्या भूतलावर नाही, तेही सांगावे लागते. पाच माणसांच्या एका खोलीत अधिकरण एकच असते, आणि नातवाला पुस्तकावर उजेड हवा असतो त्याच वेळी आजीला अंधार हवा असतो. म्हणून ती भिंतीकडे कूस वळवते आणि लुगड्याचा पदर डोळ्यांवर ओढून चार बोटे रुंदीचा, स्वतःपुरता अभाव मिळवते.