आधी त्याची तपासणी

चैत्र पौर्णिमेच्या यात्रेला येरमाळ्यात येडेश्वरी देवीसाठी लाखोंची गर्दी लोटते. चुनखडीचे खडे वेचले जातात, ओट्या भरल्या जातात, नवस बोलले जातात. पाळणा हलावा म्हणून बोललेला नवस बहुधा बाईचा असतो. उपास तिचा, अनवाणी पायऱ्या चढणं तिचं आणि मग बार्शीच्या दवाखान्यात सोनोग्राफीच्या रांगेत बसणंही तिचंच. मालक बाहेर मोटारसायकलला टेकून तंबाखू मळत उभे.

श्रद्धेशी माझं भांडण नाही, क्रमाशी आहे. मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी जवळजवळ निम्म्यांत पुरुषाकडे काही ना काही कारण असतं; कधी त्याचं एकट्याचं, कधी दोघांचं मिळून. शिवाय त्याची तपासणी सर्वांत सोपी. सुई नाही, भूल नाही. दोन ते सात दिवसांचा संयम आणि एक स्वच्छ डबी. बाईला मात्र गर्भनळ्यांचा एक्स-रे, कधी दुर्बिणीची तपासणी सोसावी लागते. तरी आधी तीच जाते, कारण त्याला रिपोर्टात शुक्राणूंऐवजी मर्दानगी मोजली जाईल असं वाटतं. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे गावात मोठ्यानं कोण सांगणार? र. धों. कर्व्यांनी 1927 साली लैंगिक विषयांवर उघड बोलणारं ‘समाजस्वास्थ्य’ मासिक सुरू केलं, तरी पारावर अजून कुजबुजच आहे.

शुक्राणू तयार व्हायला सुमारे सत्तर-पंचाहत्तर दिवस लागतात, पुढे पक्व होऊन बाहेर यायला आणखी काही दिवस. म्हणजे आजचा रिपोर्ट हा साधारण तीन महिन्यांपूर्वीपासूनच्या राहणीचा. तेव्हा डेंग्यूचा सणसणीत ताप येऊन गेला असेल, तर आकडा पडलेला दिसू शकतो. म्हणून एका कागदावर निकाल लावायचा नसतो. तपासणी पुन्हा करायची असते.

अंडकोश शरीराबाहेर असतात ते थंडाव्यासाठी. त्यांना शरीरापेक्षा दोन ते चार अंश कमी तापमान लागतं. सोलापूर-धुळे महामार्गावर तापलेल्या केबिनमध्ये तासन्‌तास बसणाऱ्या ड्रायव्हरला हे कुणी सांगितलेलं नसतं. तंबाखू, बिडी, रोजची दारू, सुटलेलं पोट, अपुरी झोप यांचीही झळ तिथवर पोचते. गुटख्यावर राज्यात 2012 पासून बंदी आहे, पुडी मात्र सापडते. सर्वांत चमत्कारिक प्रकार जिममधल्या इंजेक्शनांचा. बाहेरून टेस्टोस्टेरॉन मिळालं की मेंदू आतला कारखाना बंद करायला सांगतो. दंड फुगतात आणि शुक्राणू शून्यावरही येऊ शकतात.

फवारणीचं तर बोलायलाच हवं. 1977 साली कॅलिफोर्नियातल्या लेथ्रॉप इथल्या कारखान्यात डीबीसीपी हे सूत्रकृमिनाशक बनवणाऱ्या कामगारांच्या गप्पांतून एक गोष्ट बाहेर आली: आपल्यातल्या बऱ्याच जणांना मूल होत नाहीये. तपासण्या झाल्या, कुणाचे शुक्राणू फार कमी, कुणाचे अजिबात नाहीत. पुढे अमेरिकेत त्या औषधाच्या वापरावर बंदी आली. प्रत्येक औषध तसंच घातक असतं असं नाही, पण उघड्या अंगानं द्राक्षबागेत फवारा मारणाऱ्यानं हातमोजे आणि मास्क टाळू नये. त्या कामगारांचं मला जास्त कौतुक वाटतं ते वेगळ्याच कारणासाठी. पुरुष एकमेकांशी या विषयावर बोलले. आपल्याकडे स्टँडवरच्या टपरीवर उसाच्या भावापासून दिल्लीपर्यंत सगळं निघतं, एवढं सोडून.

सवयी सुटल्या म्हणजे मूल होईलच, असंही नाही. अंडकोशाच्या फुगलेल्या शिरा, वयात आल्यावर झालेला गालगुंड, जन्मतः खाली न उतरलेला अंडकोश, यांत त्या माणसाचा काय दोष? काहींवर उपाय असतात. शुक्राणू अगदी मोजके असले तरी त्यातला एकच स्त्रीबीजात सोडण्याचं तंत्र 1992 पासून आहे. पण त्यासाठी आधी ती डबी प्रयोगशाळेत पोचायला हवी, सुनेला माहेरी धाडण्याची भाषा सुरू होण्यापूर्वी.