घर निवडावे, शेजार निवडावा काय?

मनुष्य परप्रांती राहावयास निघाला की त्याच्या मनात अनेक प्रश्न उभे राहतात. त्यांतील पहिला पोटाचा आणि दुसरा घराचा. पोटाचा प्रश्न बहुधा निघण्यापूर्वीच सुटलेला असतो. नोकरी वा व्यवसाय निश्चित झाल्यावाचून सहसा कोणी बिऱ्हाड हलवीत नाही. घराचा प्रश्न मात्र नव्या गावी पाऊल टाकल्यावरच खरा कळतो. दर वर्षी शाळा सुरू होण्याच्या सुमारास पुणे, नाशिक, नागपूर अशा ठिकाणांहून बडोद्यास नव्याने आलेली काही कुटुंबे आपल्या मंदिरात दर्शनास येतात. दर्शन झाले, प्रसाद घेतला, नावगाव विचारून झाले की पुढचा प्रश्न ठरलेला असतो : "इकडे आपली माणसे कोणत्या भागात राहतात?"

या प्रश्नाचे उत्तर मी अनेक वर्षे बिनदिक्कत देत आलो. अलीकडे मात्र उत्तर देताना जीभ अडखळते. प्रश्नातील 'आपली' या शब्दाने कोणाला जवळ केले जाते आणि कोणाला दूर ठेविले जाते, याचा विचार मनातून जात नाही. तो विचार सभासद बंधुभगिनींपुढे ठेवावा, एवढ्याचसाठी हा लेखनप्रपंच.

प्रथम प्रश्न विचारणाऱ्याची बाजू पाहू. ती मुळीच क्षुल्लक नाही. नव्या प्रांतात आलेल्या गृहिणीला दुकानात, दवाखान्यात, शाळेत परकी भाषा ऐकू येते. घरी वृद्ध सासूसासरे असतील तर त्यांना दिवसभरात दोन शब्द बोलावयास कोणी हवे असते. मुलांच्या कानांवर मराठी पडावी, रात्री-अपरात्री दुखणे उद्भवले तर दार ठोठावता यावे, चैत्रगौरीच्या हळदीकुंकवास चार घरच्या सुवासिनी याव्यात, ही इच्छा स्वाभाविक आहे. आपल्या पूर्वजांनीही हेच केले. गायकवाडांच्या अमदानीत देशावरून आणि कोकणातून आलेली कुटुंबे दांडिया बाजार, रावपुरा या भागांत एकमेकांच्या आधाराने राहिली. त्या वस्तीनेच येथे मराठी शाळा, वाचनालये, कीर्तने आणि मंदिरे जगविली. ती मंडळी विखुरली असती तर ही पत्रिका वाचावयास आज कोणी उरले असते की नाही, याची शंका आहे. तेव्हा आपल्या माणसांजवळ राहावे असे ज्याला वाटते, त्यास संकुचित म्हणून हिणविणे अन्यायाचे होईल.

परंतु या चित्राची दुसरी बाजूही आहे. जो केवळ आपल्यातच राहतो, तो त्या प्रांतात पिढ्यान्‌पिढ्या राहूनही पाहुणाच उरतो. आणि प्रांत तरी कोणता आपला म्हणावा? १९४९ साली बडोदे संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि १ मे १९६० रोजी त्या राज्याचे विभाजन होऊन बडोदे गुजरातेत आले. ज्या मराठी कुटुंबांनी आपले घर तसूभरही हलविले नव्हते, त्यांचे राज्य अकरा वर्षांत दोनदा बदलले. राज्याची सीमा अशी पायाखालून सरकते. शेजारचे दार मात्र होते तेथेच राहते. त्या बदलाच्या काळात ज्यांना गुजराती शेजाऱ्यांचा घरोबा होता त्यांना आपण परके झालो असे वाटण्याचे कारण नव्हते. ज्यांनी तो जोडला नव्हता, त्यांना आपल्याच गावात परकेपणा जाणवू लागला.

या बाबतीत सयाजीराव महाराजांचेच उदाहरण घ्यावे. नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावचा शेतकऱ्याचा मुलगा १८७५ साली दत्तक होऊन बडोद्याच्या गादीवर आला. त्याच्या शिक्षणात मराठीबरोबर गुजरातीचाही समावेश होता, कारण ज्या प्रजेवर राज्य करावयाचे तिची बोली राजास आलीच पाहिजे. जे राजास चुकले नाही, ते नोकरीनिमित्त आलेल्या आपल्यासारख्यांस कसे चुकावे? संतांकडे पाहिले तर त्यांनी याहूनही पुढचे पाऊल टाकिले आहे. पंढरीचे नामदेव पंजाबात गेले. तेथील घुमान गावाशी त्यांचे नाव कायमचे जोडले गेले. गुरू ग्रंथ साहिबात त्यांची एकसष्ट पदे आहेत आणि आजही ती तेथील गुरुद्वारांत गाईली जातात. २०१५ साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन घुमानला भरले, तेव्हा आपल्यापैकी अनेकांस हे प्रथमच कळले. उलट दिशेने पाहता, महानुभाव पंथाचे चक्रधरस्वामी परंपरेनुसार आपल्या जवळच्याच भरुचेहून महाराष्ट्रात गेले आणि त्यांच्या लीळांतून मराठी गद्याचे पहिले मोठे भांडार निर्माण झाले. नामदेवांनी घुमानला केवळ पंढरपूरकरांचीच आळी शोधली असती, किंवा चक्रधरांनी पैठणास गुजरात्यांचीच, तर दोन्ही प्रांत केवढ्या ठेव्यास मुकले असते!

येथपर्यंत जे सांगितले ते आपल्याच हिताच्या दृष्टीने सांगितले. खरा नैतिक प्रश्न याच्या पुढे आहे. आपण जेव्हा 'आपली वस्ती' निवडतो, तेव्हा कोणाला तरी ती नाकारली जाते. निवडणाऱ्यास हे दिसत नाही. नाकारलेल्यास ते जन्मभर विसरता येत नाही.

या गोष्टीचा सर्वांत कठोर दाखला दूर कोठे शोधण्याची आवश्यकता नाही. तो आपल्याच गावात घडला. बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीवर १९१३ साली अमेरिकेस गेलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१७ साली संस्थानच्या नोकरीत रुजू होण्यास येथे आले. विद्वत्तेत त्यांची बरोबरी करणारे त्या कचेरीत किती असतील? तरीही या शहरात त्यांना राहावयास खोली मिळेना. अखेर ते एका पारशी विश्रामगृहात पारशी नाव धारण करून राहिले. अकराव्या दिवशी हातात लाठ्या घेतलेल्या दहाबारा लोकांनी येऊन त्यांना तेथून निघून जाण्यास सांगितले. त्यांनी शहरातील दोन स्नेह्यांना आसरा मागितला. त्यांतील एक हिंदू होते व दुसरे ख्रिस्ती. दोघांनीही काही ना काही अडचण पुढे करून टाळले. मुंबईची गाडी रात्री होती. तोवरचा वेळ त्यांनी कमाठी बागेत, म्हणजे ज्या सयाजी बागेत आपण मुलांना रविवारी फिरावयास नेतो तेथे, काढिला. या साऱ्याचे वर्णन त्यांनी स्वतःच्या आठवणींत लिहून ठेविले आहे.

लाठ्या घेऊन आलेल्यांस दोष देऊन आपण मोकळे होऊ शकत नाही. त्या विश्रामगृहापूर्वी आणि त्यानंतर ज्या दारांवर लाठी नव्हती, तीही उघडली नाहीत. 'आमची काही हरकत नाही, पण घरातली माणसे...', 'नोकर काम सोडून जातील...', 'बायकोला विचारले पाहिजे...' अशी सौम्य उत्तरे लाठीचेच काम करितात. दांडिया बाजार आणि रावपुऱ्यात तेव्हा आपली मराठी वस्ती भरभराटीस होती. आंबेडकरांची मातृभाषा मराठीच होती. म्हणजे 'आपली माणसे' या शब्दात भाषेपलीकडचे काही दडलेले असते, हे त्या दिवशी उघड झाले.

येथे कोणी म्हणेल की हे सर्व जुने झाले. आता कायदा आहे. अस्पृश्यतेस कायद्याने बंदी आहे हे खरे. परंतु अहमदाबादेतील एका पारशी सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली असाही निर्णय दिला की, सभासदत्व आपल्या समाजापुरते मर्यादित ठेवणारा संस्थेचा उपविधी बेकायदेशीर ठरत नाही. संघटन करण्याचे स्वातंत्र्य घटनेने दिलेले आहे. संख्येने अत्यल्प असलेल्या समाजास आपल्या चालीरीती टिकविण्यासाठी एकत्र राहावेसे वाटले, तर त्यामागील भयही समजून घेतले पाहिजे. दुर्बल एकमेकांना बिलगतात, तेव्हा त्यांना बोल लावणे शोभत नाही. तरीही न्यायालयाने एखादी गोष्ट बेकायदेशीर नाही म्हणणे आणि धर्माने ती योग्य म्हणणे, यांत अंतर आहे. ज्यांच्याकडे गावातील बहुतेक दारांच्या किल्ल्या आहेत अशा लोकांनी एकत्र येऊन इतरांस दार लावावे, याला आत्मरक्षण म्हणता येणार नाही. तेव्हा कसोटी अशी लावावी : आपल्या एकत्र राहण्याची किंमत कोण भरतो? ती आपण स्वतः भरीत असू, म्हणजे लांबचे घर, जास्त भाडे, रोजचा प्रवास पत्करीत असू, तर तो आपला खासगी प्रश्न. ती दुसरा कोणी भरीत असेल, तर तो अधर्म.

हे मी उपदेश म्हणून लिहीत नाही. ऋण म्हणून लिहीत आहे. काही वर्षांपूर्वी मी राहतो त्या गृहसंस्थेचा मी चिटणीस होतो. एका सभासदाने आपली रिकामी सदनिका भाड्याने देण्यासाठी एक तरुण जोडपे आणिले. दोघेही शिक्षक, नुकतेच परप्रांतातून बदलून आलेले. कागदपत्रे व्यवस्थित होती, अनामत रक्कम तयार होती. सभेत एकाने आडनाव विचारले. मग गाव विचारले. मग तेच आडनाव पुन्हा एकदा विचारले. पुढे कोणी काही बोलले नाही. वहीत नोंद झाली : 'जागा उपलब्ध नाही.' महिन्याभराने तीच जागा दुसऱ्या कुटुंबास देण्यात आली. त्या दोघांना मी पुन्हा पाहिले नाही. त्या नोंदीचे अक्षर माझे आहे आणि खालची सहीही माझीच. मी विरोधात एक शब्द बोललो असतो तरी कदाचित निर्णय बदलला नसता. परंतु ती मुलगी जिना उतरताना मागे वळून पाहत होती, तेव्हा निदान कोणी तरी तिच्या बाजूने बोलले, एवढे तिला कळले असते. मी स्वतः या गावी आलो तेव्हा एका गुजराती घरमालकाने माझे आडनाव विचारले ते केवळ भाडेपावती लिहिण्यासाठी, हे मला त्या सभेत आठवावयास हवे होते.

मराठी भाषेत एक सुंदर शब्द आहे : शेजारधर्म. 'शेजारहित' किंवा 'शेजारप्रेम' असा शब्द आपण रूढ केला नाही. प्रेम निवडीने जडते, हित हिशेबाने साधते. धर्म मात्र समोर येईल त्याच्याशी पाळावा लागतो. अतिथी निवडून बोलाविला तर तो निमंत्रित होतो, अतिथी राहत नाही. शेजाऱ्याचेही काहीसे तसेच आहे. घराची निवड हा गृहस्थाचा अधिकार आहे. शेजारी कोण असावा हे ठरविणे तो अधिकाराने मागू लागला, की जागा मागणाऱ्या दुसऱ्या गृहस्थाचा तोच अधिकार तो हिरावून घेतो. आणि परप्रांतातून आलेल्या माणसाने तर हे सर्वांत आधी ओळखावे, कारण काल त्यानेच कोणाच्या तरी दारात उभे राहून जागा मागितलेली असते.

मग नव्याने येणाऱ्या कुटुंबाने घर शोधताना काय पाहावे? जे खरोखर पाहण्यासारखे आहे ते पाहावे. मुलांची शाळा किती दूर, वृद्धांना चालत जाता येईल असे मंदिर वा बाग जवळ आहे काय, दवाखाना रात्री उघडा असतो काय, कामाच्या जागेपासून येण्याजाण्यात किती वेळ जाईल. बडोद्यापुरते बोलावयाचे तर आणखी एक प्रश्न न चुकता विचारावा : विश्वामित्रीला पूर आला तेव्हा येथे पाणी कोठवर चढले होते? २०१९ साली आणि पुन्हा ऑगस्ट २०२४ मध्ये नदीकाठच्या अनेक वस्त्यांत पाणी शिरले आणि अनेक कुटुंबांना वरच्या मजल्यांचा आश्रय घ्यावा लागला. या प्रश्नाचे खरे उत्तर दलाल देत नाही. ते त्या गल्लीत वर्षानुवर्षे राहिलेला शेजारी भिंतीवरील खुणेवर बोट ठेवून देतो. आणि पाणी चढते त्या रात्री शहराच्या दुसऱ्या टोकास असलेला आपला ज्ञातिबांधव कितीही जिव्हाळ्याचा असला तरी येऊ शकत नाही. वरच्या मजल्यावरचे दार जो उघडील तोच आपला माणूस.

जवळिकीची भूक भागविण्यास एकच आळी लागते असेही नाही. बडोद्याचा गणेशोत्सव आज केवळ मराठी घरांचा राहिलेला नाही. गुजराती मंडळी तो तितक्याच हौसेने करितात, आणि आपल्या मुली नवरात्रात गरब्यात रमतात. हे सारे कोणा समितीने ठरवून घडले नाही. भिंतीला भिंत लागून होती, म्हणून घडले. मराठी टिकविण्यासाठी आपले मंदिर आहे, रविवारचे वर्ग आहेत, ही पत्रिका आहे. मंदिराने जोडावयाचे ते मंदिरात जोडावे. ते काम गृहसंस्थेच्या फाटकावर टाकू नये.

शेवटी एक सूचना. नव्या कुटुंबांस घर शोधण्यास साहाय्य म्हणून सभासदांकडील रिकाम्या जागांची एक यादी मंदिराच्या कचेरीत ठेवावी. यादी मागणाऱ्यास आडनाव विचारू नये. कुटुंबात माणसे किती आणि कधीपासून जागा हवी, एवढेच विचारावे. ज्या सभासदास हे मान्य नसेल त्याने आपली जागा यादीत घालू नये. पहिले नाव मी माझ्या धाकट्या भावाच्या रिकाम्या घराचे, त्याच्या संमतीने, देत आहे.

देवाच्या गाभाऱ्यासमोर आपण रांगेत उभे राहतो, तेव्हा पुढे कोण आणि मागे कोण हे आपण निवडीत नाही. ज्याच्या मागे उभे राहिलो त्याच्या पाठीला धक्का लागू नये आणि मागच्यास वाट मिळावी, एवढीच काळजी घेतो. तीच रीत घरी जाताना विसरू नये, एवढी बुद्धी पांडुरंगाने आपणा सर्वांस द्यावी.