पडद्याची उंची आणि दृश्याचे वजन

विशेष दृश्यपरिणामांवर, म्हणजे यांत्रिक, प्रकाशीय किंवा संगणकीय क्लृप्त्यांनी घडवलेल्या दृश्यांवर उभा असलेला सुपरहिरोपट चित्रपटगृहातच पाहावा असे सर्रास म्हटले जाते; परंतु परिणाम जितके अधिक तितकी मोठ्या पडद्याची गरज अधिक, हे त्यामागचे गृहीतक तपासून घ्यावे लागते.

ख्रिस्तोफर नोलन यांच्या ‘द डार्क नाइट’ (२००८) या चित्रपटाचा सुमारे २८ मिनिटांचा भाग आयमॅक्स कॅमेऱ्याने टिपलेला आहे. या पद्धतीत रुंद फिल्म आडवी सरकत असल्याने प्रत्येक चौकटीला नेहमीच्या फिल्मपेक्षा कितीतरी मोठे क्षेत्रफळ मिळते, आणि तिच्यासाठी बांधलेल्या उंच पडद्यावर चित्र प्रेक्षकाच्या नजरेच्या वर आणि खाली पसरते. शिकागोच्या रस्त्यावरील पाठलागात मालट्रक उलथतो तो प्रसंग संगणकावर रचलेला नाही. खऱ्या वाहनाखाली दट्ट्या बसवून तो घडवला गेला, आणि दिग्दर्शकाने तो तुकड्यातुकड्यांत न कापता डोळ्यांना पुरेल इतका वेळ दाखवला. दोन्ही बाजूंच्या इमारतींमध्ये ते धूड उभे राहते तेव्हा उंची हाच दृश्याचा आशय होतो, आणि घरातल्या आडव्या पडद्यावर नेमका तोच आक्रसतो.

याउलट ‘अॅव्हेंजर्स: एंडगेम’ (२०१९) संपूर्णपणे डिजिटल आयमॅक्स कॅमेऱ्यांनी चित्रित झाला असूनही त्याच्या अखेरच्या युद्धात धुरकट भूमीवर इतकी पात्रे इतक्या झपाट्याने येतात-जातात की पडदा वाढला तरी पाहण्याजोगे फारसे वाढत नाही. त्या प्रसंगी प्रेक्षागृहात उसळणारा जल्लोष मोलाचाच आहे. मात्र तो आवडत्या पात्रांच्या पुनरागमनाचा आहे, आणि जत्रेतल्या तंबू टॉकीजनेही असा सामूहिक आनंद साध्या पडद्यावर भरभरून दिला होता.

म्हणून निर्णय परिणामांच्या संख्येवर नव्हे, तर दृश्याला दिलेल्या अवकाशावर आणि अवधीवर सोपवणे अधिक न्याय्य ठरते. अर्थात पडदा लहान आणि प्रक्षेपण अंधुक असेल, तर ‘द डार्क नाइट’चीही उंची हरवते; अशा ठिकाणी ध्वनियंत्रणा चांगली असली, तर त्या पाठलागात बराच वेळ पार्श्वसंगीताविना ऐकू येणाऱ्या इंजिनांच्या आणि धातूच्या आवाजांसाठी तिकीट काढणे सार्थ आहे, पण तीही नसेल तर घरी पाहिलेले बरे.