अभंगगायन, धीर आणि आशा

मनुष्य देवाच्या दारी येतो तो बहुधा काही मनीषा घेऊन. कोणास दुखण्यातून उतार हवा असतो, कोणास संतान, तर कोणास कर्जातून मुक्तता. काहींची इच्छा लवकर फळास येते. काहींना वर्षानुवर्षे वाट पाहावी लागते. अशा वेळी वडीलधारी मंडळी “धीर धरा” असे सांगतात. परंतु धीर म्हणजे नेमके काय? दुःख गिळून गप्प बसणे म्हणजे धीर काय? देवाजवळ गाऱ्हाणे मांडले तर श्रद्धा उणी ठरते काय? संतांचे अभंग, आणि ते ज्या रीतीने गायिले जातात ती रीत, या प्रश्नांचे उत्तर देतात.

श्री तुकाराम महाराजांच्या ऐन तारुण्यात, इ.स. १६३० च्या सुमारास, भीषण दुष्काळ पडला. व्यापार बुडाला, प्रथम पत्नी अन्नावाचून निवर्तली. महाराजांनी हे दुःख लपविले नाही. त्यांच्या करुणापर अभंगांत विनवणी आहे, रुसवा आहे आणि विठ्ठलाशी उघड भांडणही आहे. परंतु समोरचा ऐकतो आहे असा विश्वास असल्याखेरीज कोणी भांडत नाही. म्हणून भक्ताचे गाऱ्हाणे हे आशेचेच एक रूप होय.

अभंग नुसता वाचला तर काही क्षणांत संपतो. भजनात तोच बराच वेळ चालतो. मुख्य गायक एक चरण म्हणतो, टाळकरी ध्रुवपद उचलतात. पुन्हा पुढील चरण, पुन्हा तेच ध्रुवपद. शब्द तेच असले तरी प्रत्येक चरणानंतर त्यांचा अर्थ अधिक खोल उतरतो. आरंभ संथ असतो, लय हळूहळू चढते. येथे घाई चालत नाही; एकट्याने पुढे धावणाऱ्याचा ताल सुटतो. एखाद्याचा कंठ दुःखाने दाटून आला तरी शेजारच्यांचा स्वर थांबत नाही, आणि पुढील ध्रुवपदास तो पुन्हा त्यांत मिसळू शकतो. आळंदी ते पंढरपूर ही सुमारे २५० किलोमीटरची वाट वारकरी अशाच गायनाच्या आधारे चालतात. धीर हा एकट्याने वाहावयाचा भार नाही, हे टाळ-मृदंगाच्या साथीने आपोआप उमगते.

मात्र येथे एक विवेक बाळगणे आवश्यक आहे. चौदाव्या शतकातील संत चोखामेळा यांना जातीमुळे मंदिरात प्रवेश नव्हता. ती व्यथा त्यांनी अभंगांतून थेट देवापुढे मांडली. त्यांची समाधी पंढरपुरी मंदिराच्या महाद्वारापाशीच आहे. ते द्वार सर्वांसाठी खुले व्हावे म्हणून साने गुरुजींनी १९४७ च्या मे महिन्यात उपोषण केले, तेव्हा कोठे ते उघडले. सुमारे सहाशे वर्षांची ही प्रतीक्षा देवाने घडविली नव्हती. ती माणसांनी लादली होती. आपल्याच हाताने अडविलेल्या माणसास धीराचा उपदेश करणे हा धर्म नव्हे. त्याची वाट मोकळी करणे हाच धर्म. जे आपल्या हाती नाही त्यासाठी धीर, आणि जे हाती आहे त्यासाठी कृती, असा हा भेद आहे.

दर्शनरांगेत उभ्या असलेल्या भाविकास आपली मनोकामना केव्हा पूर्ण होईल हे ठाऊक नसते, आणि तसे आश्वासन कोणी देऊही शकत नाही. परंतु रांगेत कोणी अभंग धरला तर त्याचे ध्रुवपद आपणही उचलावे. मागील-पुढील माणसाचा स्वर आपल्या स्वरात मिसळतो, पाय हलके होतात आणि मन स्थिर होते. कित्येकदा मागितलेले मिळण्याआधी भक्ताच्या पदरी पडणारा प्रसाद हाच असतो. तो सर्व भाविकांना लाभो, हीच श्रीचरणी प्रार्थना.