नित्यकर्म आणि हजेरीपट

मीमांसकांनी कर्मांची जी वाटणी केली, तिच्यातला काम्य आणि नित्य हा भेद फार व्यवहारी आहे. फळ हवे असेल त्याने काम्य कर्म करावे, नको असेल त्याने सोडावे. नित्यकर्माला अशी सूट नाही. संध्या किंवा अग्निहोत्र रोज केल्याने वेगळे काही पदरात पडत नाही, चुकवले तर मात्र दोष लागतो. त्या दोषाला त्यांनी प्रत्यवाय म्हटले. जैनांची सहा आवश्यके आणि मुसलमानांची पाच वेळची नमाज यांनाही रोजचीच अट आहे. नाशिक जिल्ह्यातल्या चांदवडला 1928 मध्ये नेमिनाथ जैन ब्रह्मचर्याश्रम निघाला, तेव्हा विद्या ही नित्यक्रमाच्या चौकटीतच द्यायची असते हे गृहीतच होते. प्राथमिक शाळेतल्या मुलाची हजेरी मात्र आपण अजून काम्य कर्मासारखी वागवतो: जमले तर, सवड असली तर. ती नित्यकर्माच्या खात्यात मांडली पाहिजे, एवढेच या लेखाचे म्हणणे.

एका दिवसाच्या शाळेचे फळ दाखवा म्हटले तर कोणालाच दाखवता येणार नाही. म्हणूनच कोणताही एक दिवस बुडवायला सबळ कारण सापडते, आणि प्रत्येक वेळी ते कारण खरेही असते. हिशेब बेरजेत बिघडतो. शिक्षण हक्क कायद्याने पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान 200 दिवस ठरवले आहेत. महिन्याला तीन दिवस घरी राहिलेले मूल दहा महिन्यांत 30 दिवस गमावते आणि चौथी संपेपर्यंत 120, म्हणजे निम्म्याहून अधिक वर्ष. ‘असर’ या शैक्षणिक पाहणीचे सर्वेक्षक ग्रामीण शाळांत अचानक गेले, की देशभरात पटावरच्या चार मुलांपैकी साधारण एक मूल वर्गात नसते. महाराष्ट्राचे चित्र याहून बरे आहे, पण पटावरची बनावट नावे शोधणाऱ्या ऑक्टोबर 2011च्या पटपडताळणीनंतर पटावरच्या नावावर डोळे मिटून विश्वास ठेवण्याची सोय इथेही उरलेली नाही.

इथे एक खरा तात्त्विक आक्षेप उभा राहतो, आणि तो शंकराचार्यांचा आहे. गीताभाष्यात ते म्हणतात की कर्म न करणे हा निव्वळ अभाव. अभावातून दोषासारखी भावरूप वस्तू निर्माण होईल कशी? युक्तिवाद भक्कम आहे. मोक्षविचारात तो कुठवर टिकतो हे पंडितांनी ठरवावे. शाळेपुरते पाहिले तर बुडवलेला दिवस अभावरूप नसतोच. त्या दिवशी वर्गात हातच्याची वजाबाकी शिकवून होते आणि दुसऱ्या दिवशी गुरुजी ती येते असे धरून पुढे जातात. मूलही त्या वेळात नुसते बसलेले नसते. ते धाकट्या भावंडाला सांभाळते किंवा कांद्याच्या रोपाच्या जुड्या बांधते. दोन्हीकडे काहीतरी घडलेले असते. एकीकडे वर्ग पुढे सरकतो, दुसरीकडे मुलाला वेगळी सवय लागते. शिवाय अंकगणित आणि वाचन हे विषय साखळीचे आहेत. इतिहासातला एक राजा गळला तरी पुढचा कळतो. दशक-एकक गळले तर पुढचे सगळेच धूसर होते, आणि मग ‘याला डोके नाही’ असा शिक्का बसतो. हा शिक्का म्हणजेच प्रत्यवाय.

तो भोगते मूल. दोष मात्र त्याचा नाही. गौतमधर्मसूत्राने उपनयनापूर्वीच्या बालकाला आचाराच्या बंधनातून मोकळे ठेवले आहे. ज्याला अधिकार नाही त्याला दोषही नाही. सहा वर्षांच्या मुलाने नियमितपणाचे व्रत घ्यावे ही अपेक्षाच चुकीची. हे नित्यकर्म मोठ्यांचे आहे. आता याच शास्त्रपरंपरेने बहुसंख्य लोकांना आणि बायकांना अध्ययनाचा अधिकार नाकारला, हे बाजूला ठेवून तिचा आधार घेणे अप्रामाणिक ठरेल. अधिकार सर्वांचा झाला तो दुसऱ्या वाटेने. जोतीराव फुल्यांनी 1882 मध्ये हंटर आयोगापुढे निदान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा अशी मागणी केली. शाहू महाराजांनी 1917 मध्ये कोल्हापूर संस्थानात सक्तीचा कायदा केला, त्यात मूल शाळेत न धाडणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड होता. दंड पालकाला, मुलाला नव्हे. 2002च्या घटनादुरुस्तीने मुलाला हक्क दिला आणि मूलभूत कर्तव्यांच्या यादीत पालकाचे नाव घातले, तेही याच तर्काने.

यावर धार्मिक अंगाने म्हणतात की रेणुकामातेची यात्रा, कुळाचार, दशक्रिया हीही कर्तव्येच आहेत, आणि जुन्या गुरुकुलांत तर अनध्यायांची, म्हणजे अध्ययन बंद ठेवण्याच्या दिवसांची, केवढी लांब यादी होती. होती, मनुस्मृतीत मेघगर्जनेपासून अमावास्येपर्यंत ती सापडते. पण अपवाद इतके मोजून सांगावे लागले, कारण बाकीचे दिवस अध्ययनाचे हे ठरलेले होते. आणि त्याच ग्रंथाने नित्य स्वाध्यायाला अनध्याय नाही असेही सांगितले आहे. एकलव्याचे उदाहरण तर हटकून येते. एकलव्य गैरहजर नव्हता, त्याला प्रवेश नाकारला होता. सराव त्याने रोज केला. याहून जड आक्षेप गरिबीचा. चांदवड तालुका अवर्षणाचा. डिसेंबर-जानेवारीत उन्हाळ कांद्याची लावणी आणि मार्च-एप्रिलमध्ये काढणी आली की घरातला प्रत्येक हात लागतो. सुरगाणा-पेठकडून द्राक्षबागांच्या कामाला येणाऱ्या कुटुंबांची मुले तर गावची शाळा सोडूनच आलेली असतात. कामातूनही शिक्षण होते, असा गांधीजींच्या 1937च्या नयी तालीमचा दाखला देतात; पण गांधीजींनी काम शाळेत आणले होते, मुलाला शाळेतून कामावर काढले नव्हते. नोव्हेंबर 1986 मध्ये याच चांदवडला शेतकरी संघटनेच्या महिला अधिवेशनात शेतकरी बाईचे न मोजलेले कष्ट मांडले गेले. आई लावणीला गेली आणि थोरली मुलगी तान्ह्याला घेऊन घरी थांबली, की तेच न मोजलेले कष्ट आठ वर्षांच्या पोरीच्या अंगावर येतात. 1992 पासून राज्याने दुर्बल घटकांतल्या मुलींना दिवसाला एक रुपया उपस्थिती भत्ता दिला. कल्पना योग्य, पण रुपयाने मजुरीची भरपाई कशी व्हावी?

शाळेत जाऊनही पाचवीच्या मुलाला दुसरीचे पुस्तक वाचता येत नाही, हा आक्षेप मला सर्वांत मोलाचा वाटतो, कारण तो नित्यकर्माची दुसरी बाजू दाखवतो. शिक्षण हक्क कायद्याने जनगणना, आपत्ती आणि निवडणूक एवढ्याच अशैक्षणिक कामांना मुभा दिली असताना शिक्षक इतर कामांत अडकला, तर तोही बुडालेलाच दिवस. त्याचा प्रत्यवाय सरकारच्या माथी.

उपाय गावाच्या हातात बरेच आहेत. शाळेचे वार्षिक वेळापत्रक ठरवणे हे कायद्याच्या नवव्या कलमाने स्थानिक प्राधिकरणाचे काम आहे, आणि शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक व निम्म्या महिला असतात. लावणी सुरू होण्याआधीच्या बैठकीत या समित्यांनी तीन विषय घ्यावेत: काढणीच्या आठवड्यांशी सुट्ट्यांचा मेळ, लावणीच्या दिवसांत अंगणवाडीशेजारी पाळणाघर, आणि बाहेरून आलेल्या मजुरांच्या मुलांना त्याच दिवशी वर्गात बसवणे. तसा ठराव करून पंचायत समितीकडे पाठवावा, आणि उत्तर येईपर्यंत पाठपुरावा करावा.