अनाथोथचे शेत आणि खजरान्याचा प्लॉट

शास्त्रवाचन : यिर्मया 32:6-15



आमचे खजराना एके काळी इंदूरबाहेरचे गाव होते. शहर वाढत आले आणि शेतांच्या कॉलन्या झाल्या. काही वर्षांपूर्वी प्रार्थनासभेनंतर एक बंधू कागद घेऊन आमच्याकडे आले. जन्माची बचत घालून त्यांनी येथे लहानसा प्लॉट ठरविला होता. "भाऊ, यावर प्रार्थना करा," ते म्हणाले. आम्ही कागदावर हात ठेवून मनापासून प्रार्थना केली. पण तो उलगडून वाचला नाही. ती केवळ नोटरीची लिखापढी होती, रजिस्ट्री नव्हती. वर्षभरात त्याच प्लॉटची रजिस्ट्री घेऊन दुसराच मनुष्य उभा राहिला. बंधूंनी आम्हांस दोष दिला नाही. आमच्या मनाने मात्र दिला.

तेव्हापासून यिर्मयाचा हा अध्याय आम्ही निराळ्या दृष्टीने वाचतो. बाबेलच्या सैन्याने यरुशलेमेस वेढा घातला होता आणि संदेष्टा पहारेकऱ्यांच्या चौकात कैदेत होता. अशा वेळी देवाने त्याला अनाथोथचे शेत विकत घेण्यास सांगितले. आज्ञा प्रत्यक्ष देवाची, विकणारा सख्खा चुलतभाऊ. मग लिखापढी कशाला, असे यिर्मया म्हणाला नाही. त्याने सतरा शेकेल रुपे तोलून दिले, खरेदीखत लिहिले, साक्षीदार बोलाविले, मोहर केली. मोहरबंद आणि उघडे अशी दोन्ही खते बारूखाच्या हाती देऊन, ती पुष्कळ दिवस टिकावीत म्हणून मातीच्या पात्रात ठेवविली.

येथे विश्वास आणि सावधपणा यांचे भांडण नाही. ज्या देवाने शेत घेण्याचे धैर्य दिले, त्यानेच खत जपून ठेवण्यास सांगितले. आपण मात्र पुष्कळदा आळसाला विश्वास म्हणतो. "माणूस आपल्या मंडळीतला आहे, कागद काय मागायचा?" असे म्हणतो. कधी मनात लोभही असतो: भाव स्वस्त आहे, मुद्रांक शुल्क वाचेल. नीतिसूत्रे 14:15 मध्ये भोळ्याचा आणि शहाण्याचा फरक सांगितला आहे. एक ऐकेल ते खरे मानतो, दुसरा पाऊल जपून टाकतो.

आपल्या देशात शंभर रुपये वा अधिक किमतीच्या जमिनीच्या खरेदीखताची नोंदणी कायद्याने आवश्यक आहे. केवळ मुखत्यारपत्राने मालकी मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2011 साली स्पष्ट केले. म्हणून पैसे देण्यापूर्वी खसऱ्याची नक्कल पाहावी, नोंदणी कचेरीत शोध घ्यावा, कॉलनीला परवानगी आहे का ते विचारावे, जाणत्या वकिलाचा सल्ला घ्यावा. हे अविश्वासाचे लक्षण नव्हे. प्रामाणिक विकणाऱ्यास अशा चौकशीचा राग येत नाही.

शब्बाथशाळेच्या शिक्षकांनी यिर्मयाचे मातीचे पात्र मुलांना अवश्य दाखवावे. सापासारखे चतुर व कबुतरासारखे निष्कपट असा प्रभूचा दुहेरी धडा त्यातून सहज शिकविता येईल. आणि मंडळीतील कोणी कागद घेऊन आला, तर आपण गुडघे टेकावेत, पण चष्माही लावावा. आमच्या हातून जे राहून गेले, ते तुमच्या हातून राहू नये.

हे प्रभो, आम्हांस विश्वास दे आणि डोळे उघडे ठेवण्याची सुबुद्धीही दे. आमेन.