वैशाखातलं पाणी

बीड जिल्ह्यातल्या एका कोरडवाहू गावात एक म्हातारा राहत होता. कुणाला विहीर खणायची असली की पंचक्रोशीतले लोक आधी त्याला बोलवायचे. तळहातावर नारळ धरून रानभर फिरणाऱ्यांतला तो नव्हता. तो शेजारपाजारच्या विहिरी बघायचा, आणि त्याही वैशाखात. मोटार लावून पाणी तळाला न्यायला सांगायचा आणि दुसऱ्या दिवशी पहाटे जाऊन रात्रीतून ते किती चढलं हे मोजायचा. श्रावणात कुणी बोलावलं तर जायचाच नाही. १९७२ च्या दुष्काळात काठोकाठ भरलेल्या विहिरी महिन्या-दोन महिन्यांत कोरड्या पडलेल्या त्याने पाहिल्या होत्या.

त्याच्या नातवाने लातूरला दोन वर्षं क्लास करून नीटची परीक्षा दिली. गुण चांगले पडले, पण अंबाजोगाईचं सरकारी कॉलेज थोडक्यात हुकलं. राहिली खासगी कॉलेजं. घरी पाच एकर रान, त्यात सोयाबीन आणि कापूस, दारात एक म्हैस. उत्पन्न आठ लाखांच्या आत असल्यामुळे राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती योजनेतून शिकवणी शुल्काचा अर्धा भार सरकार उचलणार होतं. उरलेल्या अर्ध्याचं काय, हा प्रश्न होता.

दोन कॉलेजांकडून मदतीची पत्रं आली.

पहिलं कॉलेज मोठ्या शहरातलं होतं. त्याचं शुल्क वर्षाला १२ लाख. सरकारचे सहा वजा जाता उरलेले सहा लाख पहिल्या वर्षी पूर्ण माफ. पुढच्या वर्षांतही माफी मिळणार होती, पण त्यासाठी विद्यापीठाच्या प्रत्येक परीक्षेत पहिल्या प्रयत्नात किमान ६५ टक्के गुण हवे होते. एमबीबीएसचं शुल्क साडेचार वर्षांचं असतं, त्यामुळे पत्रावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, एकूण लाभ २७ लाख रुपये.

दुसरं कॉलेज एका तालुक्याच्या गावातलं. एका ट्रस्टच्या जुन्या रुग्णालयाला जोडून निघालेलं. शुल्क आठ लाख, त्यातले चार सरकारचे. ट्रस्ट दरवर्षी दोन लाख देणार, शेवटच्या परीक्षेपर्यंत, विद्यार्थी उत्तीर्ण होत राहिला एवढ्यावर. बदल्यात इंटर्नशिप संपल्यावर दोन वर्षं त्याच रुग्णालयात पगारावर काम करायचं. पत्र एका पानाचं, साध्या कागदावरचं.

घरात निकाल लगेच लागला. २७ लाख कुठे आणि वर्षाचे दोन लाख कुठे! मामाने तर फ्लेक्सचा मजकूरही तयार केला. दुसऱ्या पत्रातली दोन वर्षांची अट वाचून वडील म्हणाले, "हे तर पोराला बांधून घ्यायचं झालं. आपण काय सालगडी ठेवतोय का त्याला?"

म्हातारा सगळं ऐकत होता. त्याने नातवाला विचारलं, "ही विहीर तू कव्हा बघितलीस?"

"बघितली कुठे आबा? पत्र आलंय फक्त."

"मग जाऊन बघ. पण आत्ता भरतीला आलेल्या पोरांना इचारू नको. तिसऱ्या वर्षाच्या पोरांना इचार."

नातू आधी शहरात गेला. त्याचा जीव तिथेच अडकला, आणि हे लपवण्यात अर्थ नाही. शरीररचनाशास्त्राचं प्रशस्त दालन, रात्री उशिरापर्यंत उघडं असणारं ग्रंथालय, देशभर नाव असलेले शिक्षक. असं ठिकाण कुणालाही हवंसं वाटेल. मेसमध्ये त्याने तिसऱ्या वर्षाच्या मुलांना गाठलं. तुमच्या वर्गात पहिल्या वर्षी किती जणांना माफी होती? दहा जणांना. आता किती जणांना आहे? मुलांनी एकमेकांकडे बघितलं, मनातल्या मनात नावं मोजली आणि सांगितलं, दोघांना. बाकीचे नापास झाले नव्हते. कुणाला ६१ पडले, कुणाला ६४. बारावीला नव्वदच्या पुढे असलेली ही मुलं होती. पण एमबीबीएसला उत्तीर्ण व्हायला पन्नास टक्के लागतात आणि ते मिळवतानाही भल्याभल्यांची दमछाक होते, हे पहिल्या वर्षाला बसल्याशिवाय कळत नाही. माफी गेलेल्या आठांपैकी एकाच्या वडिलांनी रान विकलं होतं.

मग तो तालुक्याच्या गावी गेला. तिथली इमारत जुनी होती, ग्रंथालयात बाकं कमी पडत होती. पण सकाळी आठला केसपेपरच्या खिडकीपासून फाटकापर्यंत रांग होती. साप चावलेला शेतकरी होता, फवारणीचं औषध अंगात भिनलेला मजूर होता, आसपासच्या तांड्यांवरून आलेल्या बायका होत्या. तिसऱ्या वर्षाची मुलं वॉर्डात रुग्णाजवळ उभी राहून माहिती विचारत होती आणि विचारायला रुग्ण भरपूर होते. दोन लाखांचं काय, असं विचारल्यावर एक मुलगी म्हणाली, "येतात. कधी दिवाळीच्या आधी, कधी नंतर. पण येतात."

घरी आल्यावर त्याने कागद घेऊन आबांसमोर हिशोब मांडला. शहरात सगळं नीट गेलं तर शिकवणी शुल्काचा एक रुपयाही द्यावा लागणार नाही. पहिल्याच परीक्षेत ६५ हुकले आणि पुढेही जमलं नाही तर साडेतीन वर्षांचे २१ लाख. तालुक्याच्या गावी काहीही झालं तरी नऊ लाख. वसतिगृह आणि मेस दोन्हीकडे वेगळी.

म्हाताऱ्याला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण हिशोब पक्का होता. "नऊ लाख कुठून आणायचे?"

बँकेत विचारून आलेले वडील म्हणाले, साडेसात लाखांपर्यंतच्या शिक्षणाच्या कर्जाला रान गहाण टाकावं लागत नाही. वरचे दीड लाख पाच वर्षांत कसेही करून भागवता येतील.

"आन् एकवीस लाख?"

वडील गप्प बसले. त्या आकड्याला सातबारा लागणार होता.

"मग ऐक," म्हातारा नातवाला म्हणाला. "तू हुशार हायेस, पासष्ट पाडशील बी. पण परीक्षेच्या आदल्या दिशी ताप आला तर? म्या खाटेवर पडलो तर? ती अट तुझ्या एकट्याच्या हातात नाही. दोन वरसं काम करायची अट तुझ्या हातात हाये. माणसाने वाईट दिसात बी पाळता येईल अशीच अट घ्यावी. मदत चांगल्या दिसात मोजू नको. ज्या वरसी तुझं सगळं बिघडंल त्या वरसी किती उरती, ती मोज."

वडिलांच्या मनातून मात्र बांधून घेण्याची गोष्ट जाईना. त्यांची भीती खोटी नव्हती. पदवीची मूळ कागदपत्रं अडकवून ठेवणाऱ्या आणि पगाराचा आकडा न लिहिणाऱ्या करारांच्या गोष्टी गावोगाव ऐकू येतात, आणि असा करार कुणी पुढे केला तर सही करू नये. पण सेवेची अट म्हणजे अपमान, असं समजणं चूक आहे. पुण्याच्या आर्म्ड फोर्सेस मेडिकल कॉलेजात विद्यार्थ्याकडून शिकवणी शुल्क घेत नाहीत आणि डॉक्टर झाल्यावर त्याला सैन्यदलात नोकरी करावी लागते. तिथे प्रवेश मिळाला की घरचे पेढे वाटतात. सेवाग्रामला १९६९ मध्ये डॉ. सुशीला नायर यांनी महाविद्यालय सुरू केलं ते खेड्यासाठी डॉक्टर घडवायला. तिथल्या प्रत्येक तुकडीने एक गाव दत्तक घ्यायचं, तिथल्या घरांशी ओळख करून घ्यायची, ही तिथली रीत. समाजाच्या पैशावर शिकलेल्याने समाजाचं काम करावं, यात घेणाऱ्याची आणि देणाऱ्याची दोघांचीही शोभा आहे. बघायचं ते एवढंच की किती वर्षं, कुठे, कोणत्या पगारावर आणि मधेच सोडलं तर किती भरायचं, हे सगळं कागदावर आहे की नाही. नातवाने ट्रस्टच्या कार्यालयात फोन करून ते मागवून घेतलं. चारही गोष्टी लिहून आल्या.

शहराकडेही एक पत्र गेलं. ही कल्पना नातवाची. त्याने नम्रपणे लिहिलं, मला आपल्याकडेच शिकायची इच्छा आहे, घरची परिस्थिती अशी अशी आहे. ६५ टक्क्यांऐवजी उत्तीर्ण होण्याची अट ठेवून माफीची रक्कम अर्धी केली तरी मी आनंदाने येईन. असं विचारण्यात कमीपणा नाही. मुलं आणि पालक संकोचतात आणि देणाऱ्याने लिहिलं तेच शेवटचं समजतात. आठ दिवसांनी उत्तर आलं की नियमात बसत नाही. विचारलं म्हणून कुणी रागावलं मात्र नाही.

नातवाने पसंतीक्रमात तालुक्याचं कॉलेज वर टाकलं. जागा मिळाली, मूळ कागदपत्रं जमा केली आणि पुढच्या फेरीत नाव जाऊ नये म्हणून स्टेटस रिटेन्शनचा फॉर्मही भरला. मामाचा फ्लेक्स निघाला, पण त्यावर लाखांचा आकडा नव्हता. मामा दोन दिवस नाराज होता.

लातूरच्या क्लासमधला त्याचा एक मित्र, आडत्याचा मुलगा, त्याच शहरातल्या कॉलेजात गेला. त्यालाही पहिल्या वर्षाची माफी मिळाली होती. नातवाने आबांना विचारलं, "मग तो चुकला का?"

"तो कशाला चुकंल? त्याच्या बापाच्या मळ्यात दुसरी विहीर हाये. एक आटली तर तो दुसरीवर मोटार लावील. आपल्याला एकच खणायची हाये."

म्हातारा बरोबर बोलला. पहिल्या परीक्षेत त्या मित्राला ६३ टक्के पडले, माफी गेली, वडिलांनी पैसे भरले आणि तो त्या मोठ्या ग्रंथालयात बसून मजेत शिकत राहिला. एकच पत्र एका घराला सोयीचं असतं आणि दुसऱ्याला बुडवणारं. म्हणून दुसऱ्याने काय निवडलं ते बघून आपण निवडू नये.

नातवाला त्याच सुमारास कावीळ झाली. परीक्षेच्या आधीचा दीड महिना तो घरी अंथरुणावर होता. आई उसाचा रस द्यायची आणि तो उशाशी पुस्तक ठेवून शरीरक्रियाशास्त्राचं एकेक पान उलटायचा, दोन पानांत थकायचा. पेपर त्याने तशाच अंगाने दिले. तिन्ही विषयांत उत्तीर्ण झाला, सरासरी ५४ टक्के. आयुष्यात एवढे कमी गुण त्याला कधी पडले नव्हते.

गुणपत्रिका घेऊन तो ट्रस्टच्या कार्यालयात गेला तेव्हा त्याची मान खाली होती. आजाराचं प्रमाणपत्र त्याने वर काढून ठेवलं होतं आणि काय बोलायचं ते मनाशी जुळवलं होतं. तिथल्या बाईंनी प्रमाणपत्र बाजूला सारलं, गुणपत्रिकेच्या खालच्या ओळीवर बोट ठेवलं आणि रजिस्टर पुढे सरकवलं.

"उत्तीर्ण ना? मग इथे सही कर. आणि पासबुकाची झेरॉक्स जोड, मागच्या वर्षी राहिली होती."